जहाजसाहेब जॉर्ज टॉमस

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात अहिल्याबाई होळकर किंवा सावित्रीबाई फुले असणार, हे मी ओळखले. परंतु त्या दोघींवर मागील अंकांतून चांगले लेख येऊन गेले आहेत. म्हणून मी यंदा एका परदेशी माणसाची हकीकत सांगणार आहे. तो साधुसंत नव्हता आणि देशभक्तही नव्हता. तलवारीच्या जोरावर पोट भरणारा माणूस होता. तरीही गेले वर्षभर त्याचा विचार माझ्या मनातून गेला नाही. त्याचे कारण घरगुती आहे, ते आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात होता. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तो घरी आला, तो परत समुद्रावर जायचे नाही असे ठरवूनच आला. मुले मोठी होत होती, आईची तब्येत बरी नव्हती, आणि वहिनीने चौदा वर्षे एकटीने रेटलेला संसार आता दोघांनी ओढावा असे त्याला वाटले. वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीची नोकरी त्याला मिळाली. पगार जहाजावरच्या निम्म्याहून कमी. मग काय विचारता! गल्लीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले काढून टाकले असेल, कोणी म्हणाले काहीतरी दुखणे असेल. आपल्या मंडळातल्याही दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन काळजीच्या सुरात चौकशी केली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मला ते लागले.

घरातही सगळे सुरळीत नव्हते. जहाजावर त्याची पाळी रात्री बारा ते चार अशी असे. इथे आल्यावरही तो बाराच्या ठोक्याला उठून गच्चीवर फेऱ्या मारी. स्वयंपाकघरातले डबे त्याने आपल्या पद्धतीने ओळीत लावले, तेव्हा वहिनी दोन दिवस बोलली नाही. आणि त्याची ती मोठी निळी बॅग, अर्धी भरलेली, पलंगाखाली तशीच पडून होती. ती रिकामी करायला तो कोणाला हात लावू देत नसे.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. त्या बॅगेकडे पाहताना मला एकदम जॉर्ज टॉमसची आठवण झाली. मराठ्यांच्या उत्तरेतल्या कारभाराचा इतिहास वाचताना हे नाव हमखास भेटते. जहाज सोडून जमिनीवर नोकरीला लागलेला इतका विलक्षण माणूस आपल्या मराठी इतिहासात दुसरा मला ठाऊक नाही.

आपल्या गावाला समुद्र नाही. मुंबईचा किनारा आपल्यापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. तरीदेखील समुद्र ओलांडून आलेल्या माणसांचे आपल्याला वावडे नाही. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर दख्खनेत आला आणि त्याने १६१० साली खडकी वसवली, तेच आजचे आपले छत्रपती संभाजीनगर. त्याने खेळवलेल्या नहरीचे पाणी आपल्या आज्या-पणज्या प्यायल्या. परका माणूस कोठून आला यापेक्षा त्याने इथे काय केले हे पाहण्याची सवय आपल्या मातीला आहे. त्याच नजरेने टॉमसकडे पाहावे, एवढीच माझी विनंती.

जॉर्ज टॉमसचा जन्म १७५६ च्या सुमारास आयर्लंडमधल्या टिपररी परगण्यात, रॉसक्री गावाजवळ झाला. घरची गरिबी, शिक्षण जवळजवळ नाहीच. योल नावाच्या बंदरात तो मजुरी करीत असे. त्या काळी इंग्रजांच्या आरमाराला खलाशी पुरत नसत, म्हणून आरमाराची माणसे बंदरातून धडधाकट तरुणांना सरळ पकडून जहाजावर नेत. टॉमसही असाच जहाजावर चढला. त्या जहाजांवरची चाकरी म्हणजे किडलेली बिस्किटे, खारट मांस, चाबकाचे फटके आणि वर्षानुवर्षे तुंबलेला पगार. १७८१-८२ च्या सुमारास त्याचे जहाज मद्रासला लागले आणि संधी साधून तो पळाला. पळालेला खलाशी सापडला तर फाशीदेखील होऊ शके. म्हणजे माझ्या भावासारखी मानाची निवृत्ती त्याला मिळाली नाही. मागचा दोर त्याने स्वतःच कापून टाकला होता.

पंचविशी ओलांडलेला, खिशात पैसा नाही, भाषा येत नाही, लिहिणेवाचणेही फारसे नाही. जमिनीवर अशा माणसाने काय काम करावे? जहाजावर शिकलेल्या दोन गोष्टी मात्र त्याच्यापाशी होत्या. एक म्हणजे तोफ. लढाऊ जहाजावरची तोफ हलत्या फळ्यांवरून डागावी लागते, त्या मानाने स्थिर जमिनीवरची तोफ त्याला सोपी. दुसरी गोष्ट म्हणजे असेल त्या सामानात भागवणे. भर समुद्रात लोहार, सुतार, दुकान यांतले काही मिळत नाही. मोडले ते आपणच सांधायचे असते. या दोन गोष्टींवर त्याने पुढची वीस वर्षे काढली.

प्रथम तो दक्षिणेतल्या पाळेगारांकडे राहिला, मग काही दिवस निजामाच्या चाकरीत होता असेही सांगतात. तेथून मध्य हिंदुस्थान तुडवीत १७८७ च्या सुमारास तो दिल्लीला पोहोचला. दिल्लीची पातशाही तेव्हा नावापुरती उरली होती आणि महादजी शिंदे उत्तरेचा कारभार आपल्या हाती घेत होते. ज्याच्यापाशी फौज त्याच्यापाशी सत्ता, असा तो काळ. अशा वेळी टॉमसला पहिली खरी नोकरी मिळाली ती एका बाईच्या पदरी. ही बाई म्हणजे सरधन्याची बेगम समरू.

बेगम समरूविषयी स्वतंत्र लेख व्हावा अशी तिची योग्यता आहे. ऐन तारुण्यात ती वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू या युरोपियन सरदाराच्या घरी आली. तो १७७८ साली वारला, तेव्हा त्याची फौज आणि मेरठजवळची सरधन्याची जहागीर तिने आपल्या हाती घेतली आणि १८३६ साली मरेपर्यंत ती सांभाळली. पुरुषांच्या फौजेला पगार वाटणारी, कवायत पाहणारी आणि वेळ आली तर रणात उतरणारी ही बाई. माणसाची पारख तिला होती. हा उंचापुरा, धिप्पाड आयरिश खलाशी कामाचा आहे, हे तिने ओळखले.

१७८८ साली बादशहा शाह आलम एका बंडखोर सरदाराचा बंदोबस्त करण्यासाठी रेवाडीजवळच्या गोकुळगडावर गेला असता अचानक छाप्यात सापडला. बादशाही छावणीत पळापळ झाली. त्या वेळी बेगम पालखीत बसून आपली पलटण घेऊन पुढे झाली आणि टॉमसच्या तोफेने छापा परतवला. बादशहाने बेगमेला मुलगी मानले. टॉमसचाही भाव वाढला. बेगमेने त्याला टप्पल परगण्याचा कारभार दिला आणि आपल्या पदरच्या मारी नावाच्या मुलीशी त्याचे लग्न लावून दिले. परगणा मिळाला, घर झाले, पुढे मुलेबाळे झाली. खलाश्याचा संसार जमिनीवर रुजला असेच कोणालाही वाटले असते.

परंतु जमिनीवरच्या नोकरीत जहाजावर नसलेली एक अडचण असते. जहाजावर कप्तान एकच असतो, त्याचा हुकूम उघड असतो. जमिनीवरच्या दरबारात दहा कप्तान, आणि त्यांतले नऊ पडद्याआड. बेगमेच्या फौजेत फ्रेंच अधिकारी बरेच होते. लेवासू नावाच्या फ्रेंच माणसावर बेगमेची मर्जी बसली आणि टॉमसचे दिवस फिरले. १७९२-९३ मध्ये तो नोकरी सोडून, फार थोड्या सोबत्यांनिशी, इंग्रजांच्या हद्दीवर अनूपशहरला येऊन बसला. जहाज सोडल्यानंतर दुसऱ्यांदा तो रिकाम्या हातांनी उभा होता.

या वेळी त्याला हात दिला तो एका मराठी सरदाराने. आप्पा खंडेराव हे महादजींच्या मर्जीतले. त्यांनी टॉमसला एक हजार पायदळ आणि शंभर स्वार उभे करायला सांगितले. पगारासाठी रोकड नव्हतीच. त्याऐवजी मेवातातले तिजारा, टपूकडा आणि फिरोजपूर हे परगणे लावून दिले. ऐकायला हे मोठे वाटते, पण त्या परगण्यांतले मेवाती कोणालाच सारा देत नसत. तिजाऱ्याला पहिल्याच मुक्कामात, पावसाच्या अंधाऱ्या रात्री, चोरांनी त्याच्या छावणीतून उत्तम घोडा काढून नेला. दुसऱ्या दिवशी चोरांच्या पाठीवर गेला तर त्याचीच माणसे मार खाऊन पळाली. मूठभर शिपाई आणि तोफ घेऊन तो तेवढा टिकून राहिला. नव्या नोकरीचा पहिला दिवस कसा जातो याची ही गोष्ट मी माझ्या भावाला सांगितली, तेव्हा कारखान्यात रुजू झाल्यापासून तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला. जहाजावर वीस माणसे ज्याच्या शब्दावर चालत, त्याला इथे पंचवीस वर्षांच्या पोराकडून गेटपासवर सही घ्यावी लागत होती.

आप्पांची आणि टॉमसची जोडी मोठी चमत्कारिक होती. आप्पांकडे पैसा कधीच वेळेवर नसे. एकदा कोटपुतळीला त्यांच्याच शिपायांनी थकलेल्या पगारासाठी बंड करून त्यांना अडकवून ठेवले. टॉमस रातोरात धावून गेला आणि त्यांना सोडवून घेऊन आला. तेव्हा आप्पांनी त्याला मुलगा मानून झज्जर, बेरी वगैरे मुलूख दिला. पुढे भांडणे झाली, संशय आले, पण टॉमसने आप्पांना सोडले नाही. १७९७ साली दुर्धर दुखण्याला कंटाळून आप्पांनी यमुनेत देह टाकला. त्यांचा पुतण्या वामनराव याच्याशी मात्र टॉमसचे सूत नीट जुळले नाही.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट आपणां बायकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. बेगम समरूने लेवासूशी गुपचूप लग्न केले होते. १७९५ साली तिच्या फौजेने बंड केले. नवराबायको पळून जात असता पकडले जाण्याची वेळ आली. बेगमेने स्वतःला कट्यार मारून घेतली आणि ती मेली असे समजून लेवासूने गोळी झाडून घेतली. तो मेला, ती वाचली. तिच्याच शिपायांनी तिला तोफेच्या गाड्याला बांधून उन्हात ठेवले. अशा अवस्थेत तिने मदतीसाठी निरोप धाडला तो टॉमसला, ज्याला तिच्याच दरबारातून जावे लागले होते. टॉमसने मागचे काही काढले नाही. शिंद्यांच्या अधिकाऱ्यांना वळवून, स्वतः सरधन्याला जाऊन, त्याने तिला पुन्हा गादीवर बसवले. जुन्या मालकिणीशी असे वागणारी माणसे त्या काळातही थोडीच होती आणि आजही थोडीच आहेत.

आप्पा गेल्यावर टॉमसने कोणाची चाकरी न करता स्वतःच राज्य मांडायचे ठरवले. दिल्लीच्या वायव्येला हरियाणाचा रुक्ष प्रदेश तेव्हा बेवारशी पडल्यासारखा होता. तिथले हांसी गाव ओस पडले होते. किल्ल्यात एक फकीर आणि दोन सिंह एवढीच वस्ती उरली होती असे सांगतात. १७९७-९८ मध्ये टॉमसने हांसी घेतली, तट दुरुस्त केले, लोकांना जमिनी देऊन पुन्हा वसवले. टांकसाळ घातली, स्वतःचा रुपया पाडला, तोफा ओतल्या, बंदुका आणि दारू तिथेच तयार केली. जहाजावरची ती जुनी सवय, जे लागेल ते आपणच बनवायचे, इथे त्याच्या कामी आली. झज्जरकडच्या आपल्या गढीला त्याने स्वतःचे नाव दिले. लोकांच्या जिभेवर जॉर्जचे जहाज झाले आणि तो जहाजावरून आलेलाही होताच. त्यामुळे गढी झाली जहाजगड आणि तो स्वतः झाला जहाजसाहेब. आजही हरियाणात जहाजगड गाव आहे, आणि हिसारला त्याची म्हणून दाखवतात ती जहाजकोठी आहे. समुद्रापासून इतक्या दूर, वाळवंटाच्या काठावर जहाजाचे नाव राहिले आहे.

१७९९ साली वामनरावाबरोबर तो जयपूरकरांच्या मुलखात फत्तेपूरवर चालून गेला. वाळवंटातल्या त्या भागात शत्रूने विहिरी बुजवायला आरंभ केला होता. पाण्यावाचून फौज किती वेळ जगते, हे गोड्या पाण्याची पिंपे मोजून दिवस काढलेल्या खलाश्याला कोणी शिकवायला नको होते. शेवटची विहीर बुजवली जात असतानाच त्याने झडप घालून ती ताब्यात घेतली. मग काटेरी झाडे तोडून, ती दोरखंडांनी एकमेकांना बांधून, त्याने छावणीभोवती कुंपण केले, कारण वाळूत खंदक टिकेना.

या सगळ्या धामधुमीत त्याने एक पद्धत घालून दिली होती, आणि केवळ तिच्यासाठी मी त्याला आपल्या स्मरणिकेत जागा मागते आहे. त्याच्या लढायांत जो शिपाई मरे, त्याच्या विधवेला आणि मुलांना तो निम्मा पगार चालू ठेवी. जखमी होऊन निकामी झालेल्यांनाही काही देई. त्या काळी हिंदुस्थानातल्या बहुतेक फौजांत शिपाई मेला की त्याचे घर उघडे पडत असे. स्वतः आरमारात थकलेल्या पगाराची वाट पाहिलेल्या माणसाला घरी वाट पाहणाऱ्या बाईची आठवण राहिली असावी, असे मी समजते.

आता त्याची दुसरी बाजू. हा मुलूख त्याने काही प्रेमाने जिंकला नव्हता. सारा न देणाऱ्या गावांवर तो चालून जाई, लूट करी, शेजारच्या शिखांच्या आणि राजपुतांच्या प्रदेशात स्वाऱ्या काढी. दारूचे व्यसन जहाजापासून त्याच्या मागे लागले ते कधी सुटले नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला थांबता येत नव्हते. हांसी सांभाळून बसला असता तर कदाचित टिकला असता. पण पंजाब जिंकावा असे त्याच्या मनाने घेतले. त्यासाठी त्याने आखलेला बेत वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. फिरोजपूरजवळच्या रानातले लाकूड तोडून सतलजच्या काठी नावांचा काफिला बांधायचा आणि फौज घेऊन वाटेतला मुलूख जिंकत नदीने खाली खाली जायचे, असा तो बेत होता. सतलज सिंधूला मिळते आणि सिंधू समुद्राला. वीस वर्षे जमिनीवर काढलेला, राजा झालेला हा माणूस मनातल्या मनात पुन्हा नावा बांधत होता. माझ्या भावाच्या पलंगाखालची निळी बॅग मला आठवली ती इथे.

त्या नावा कधी बांधल्या गेल्या नाहीत. त्याच्या वाटेत आडवा आला तो, गंमत अशी की, दुसरा एक खलाशीच. पेराँ हा फ्रेंच. तोही आरमारातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरून पळालेला. महादजींच्या डी बॉईन या सेनानीच्या हाताखाली तो शिपाईगिरी करीत वर चढला. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्या लढाईत पेराँ शिंद्यांच्या पलटणी घेऊन होता. हे खर्डे आपल्यापासून फार लांब नाही, जामखेड तालुक्यात आहे. १७९६ साली डी बॉईन परत गेल्यावर दौलतराव शिंद्यांची उत्तरेतली सगळी कवायती फौज पेराँच्या हाती आली. टॉमसने धनी बदलले आणि शेवटी धनीच नको म्हटले. पेराँने शिंद्यांचे घर धरून ठेवले आणि पायरी पायरीने वर गेला.

१८०१ च्या ऑगस्टमध्ये बहादूरगडला दोघांची भेट झाली. टॉमसने शिंद्यांच्या चाकरीत यावे, रोख पगार घ्यावा, असे बोलणे झाले. टॉमसने नाकारले. फ्रेंचांवर त्याचा विश्वास नव्हता, आणि पुन्हा कोणाच्या हुकमात राहणे आता त्याला जमणारे नव्हते. युद्ध जुंपले. सप्टेंबरअखेर जहाजगडावर घनघोर लढाई झाली. टॉमसच्या तोफांनी शत्रूचे भयंकर नुकसान केले. त्याच वेळी त्याने जोराचा हल्ला केला असता तर इतिहास वेगळा झाला असता, असे लिहिणाऱ्यांनी लिहिले आहे. परंतु त्याचा जिवलग अधिकारी हॉपकिन्स त्या लढाईत जखमी होऊन मेला. त्या दुःखात टॉमस दारू घेऊन तंबूत बसून राहिला. दिवस गेले, शत्रूला कुमक आली, रसद तुटली, माणसे फुटली. नोव्हेंबरमध्ये तो घेरा फोडून हांसीकडे निसटला, तिथेही वेढा पडला. १८०१ साल सरता सरता त्याने हांसी खाली केली. आपली मालमत्ता घेऊन इंग्रजांच्या हद्दीत जाण्याची मुभा मात्र त्याला मिळाली.

आता परत मायदेशी जावे, उरलेले दिवस आयर्लंडात शांतपणे काढावे, असे त्याने ठरवले. बायको मारी आणि मुले मात्र त्याच्याबरोबर निघाली नाहीत. त्यांचे सगळे आयुष्य सरधन्याच्या बाजूला गेले होते. आयर्लंड त्यांना नकाशावरच ठाऊक. टॉमसने त्यांच्यासाठी पैशांची तजवीज करून त्यांना बेगम समरूच्या हवाली केले, आणि बेगमेने त्यांना सांभाळले. सहा-सात वर्षांपूर्वी तोफेच्या गाड्यावरून जिला सोडवले तिनेच शेवटी त्याच्या संसाराला आसरा दिला.

गंगेच्या वाटेने कलकत्त्याकडे जाताना बनारसला त्याने आपली हकीकत कॅप्टन फ्रँकलिन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला सांगितली. ती फारशीत सांगू का, असे त्याने विचारले होते म्हणतात, कारण वीस वर्षांत त्याला स्वतःची भाषा परकी झाली होती. ते पुस्तक १८०३ साली कलकत्त्याला छापले गेले, पण ते पाहायला टॉमस नव्हता. बंगालमध्ये बहरामपूरजवळ तापाने गाठून २२ ऑगस्ट १८०२ रोजी तो मरण पावला. वय सुमारे शेहेचाळीस. समुद्र थोडक्यात राहिला.

पेराँचेही राज्य फार टिकले नाही. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध सुरू होताच तो शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. त्याच साली २३ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, आसईला, शिंद्यांच्या कवायती पलटणी इंग्रजांशी लढल्या आणि कापल्या गेल्या. पेराँ पैसा घेऊन फ्रान्सला पोहोचला आणि १८३४ साली आपल्या घरी वारला. दोन खलाश्यांपैकी शहाणा कोण, असे मी वर्गात मुलींना विचारीत असे. बहुतेक मुली पेराँ म्हणत. तरी गोष्ट पुन्हा सांगा म्हणून हट्ट धरीत ती टॉमसचीच.

भगिनींनो, आता पुन्हा आमच्या घराकडे येते. या चरित्रातून मला जे उमगले ते असे. जहाजावरचे काम मोठे कष्टाचे, पण त्याला शेवट असतो. सहा-आठ महिन्यांचा करार संपला की बॅग उचलायची आणि उतरायचे. जमिनीवरच्या कामाला असा दिवस ठरलेला नसतो. इथे रोज त्याच माणसांशी, त्याच घराशी, त्याच कटकटींशी गाठ. टॉमसला शौर्य होते, कल्पकता होती, माणुसकीही होती. एका जागी रोजच्या रोज राहण्याची विद्या तेवढी त्याला कोणी शिकवली नाही. ती विद्या आपण बायका लहानपणापासून शिकतो, इतकी की ती विद्या आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. समुद्रावरून आलेल्या माणसाला ती शिकायला वेळ लागतो. त्याला वर्षभर तरी उमेदवार समजावे, पगाराचा आकडा विचारू नये. आणि त्यानेही, जिने इतकी वर्षे घर एकटीने चालवले तिच्या डब्यांना न विचारता हात लावू नये. दोघांनीही नव्याने रुजू व्हायचे असते.

वहिनीला मी हे सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली काहीच नाही. पण चार दिवसांनी पाहिले तर वरच्या फळीवरचे डबे भावाच्या पद्धतीने आणि खालच्या फळीवरचे तिच्या पद्धतीने लागले होते. आता तो रात्री क्वचितच उठतो. कारखान्यात एक जुना पंप महिनाभर बंद होता, तो त्याने भंगारातल्या सुट्या भागांवर चालू करून दिला. तेव्हापासून तो पंचवीस वर्षांचा अधिकारी त्याला मामा म्हणतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीला शिक्षणासाठी पुण्याला जायचे होते आणि तिच्याकडे मोठी बॅग नव्हती. भावाने पलंगाखालची निळी बॅग ओढली, आतले सामान पलंगावर काढून ठेवले आणि बॅग झटकून तिच्या हाती दिली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. रात्री जेवताना मात्र त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, की ती पोरगी सुट्टीला परत कधी येणार आहे.